उरलेलं कोणाचं?

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं अकरा अकरा वाजेपर्यंत हलत नाही, आणि हललं तरी दगडी फरशीतला गारठा तळपायातून वर चढत राहतो. त्यामुळे आम्ही सगळे पाय पोटाशी घेऊन, कोणी झोपाळ्यावर, कोणी पाटावर, कोणी जिन्याच्या खालच्या पायरीवर, चौकात उतरलेल्या उन्हाच्या चतकोराभोवती बसलो होतो. मध्ये गजकेचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, डबा उघडा आणि त्याच्या शेजारी वाटणीपत्राच्या मसुद्याच्या झेरॉक्स. लष्कर हा ग्वाल्हेरचा एक भाग, आणि त्यातल्या या गोठीतलं, म्हणजे वस्तीतलं, हे घर आजोबांचं. त्यांचे तीन मुलगे आणि त्या तिघांची आम्ही मिळून नऊ मुलं. वाटणी करून मग घर विकायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. कागदावर नऊ नावं होती आणि प्रत्येकापुढे टक्के. मोठ्या काकांच्या दोघांना १६.६७, धाकट्या काकांच्या चौघांना ८.३३, आणि आम्हा तिघा भावंडांना ११.११.

माझ्या भावाची नात आठवीत आहे. सुटीला गुडगावहून आली होती. आकडे दिसले की बेरीज करून बघायची तिला खोड आहे. तिनं झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्याआजी, टोटल नव्व्याण्णव पॉइंट नऊ नऊ येतेय. उरलेलं कोणाचं?"

सगळे हसले. कोणी म्हणालं वकिलाचं, कोणी म्हणालं मांजरीचं. वकिलांना फोन लावला तर ते म्हणाले, राउंडिंगमध्ये तेवढं जातंच, त्यानं काही अडत नाही. पोरगी हसली नाही. जागा २४०० चौरस फूट, त्याचा शंभरावा हिस्सा चोवीस, आणि त्या चोविसाचाही शंभरावा हिस्सा म्हणजे ०.२४ चौरस फूट. तिनं त्याचे इंच केले, ३४.५६ चौरस इंच. कंपासमधली पट्टी आणि रांगोळीच्या डब्यातला खडू घेऊन ती उठली. "सहा इंच लांब आणि पावणेसहा इंच रुंद. एवढं घर कोणाचंच नाहीये. कुठे काढू?" मी काही विचार न करता स्वयंपाकघराच्या दाराजवळची फरशी दाखवली. तिनं तिथे ओणवं बसून, जीभ दातांत धरून, तो चौकोन काढला. चहाची बशी ठेवावी एवढा.

रात्री मला झोप लागली नाही. ती जागा मी का दाखवली, ते अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं. तिथे आत्या बसायची.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि शिकवलं ते हिंदीतून. घरचं गणित मात्र मराठी. शाळेत भिन्न, घरी अपूर्णांक. शाळेत हर, घरी छेद. अंश तेवढा दोन्हीकडे अंशच राहिला. माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त रडवलं असेल तर ते अपूर्णांकांच्या बेरजेनं. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ असं लिहिणारी मुलं मला दर वर्षी भेटली, आणि मी त्यांच्यावर कधी रागावले नाही. वरचं वरच्यात, खालचं खालच्यात मिळवायचं, यात त्यांच्या मते न्याय होता. मी एवढंच विचारायची, बाळा, अर्ध्या पोळीत तू आणखी तुकडा घातलास, मग पोळी अर्ध्याहून कमी कशी झाली? २/५ तर अर्ध्याहून लहान आहे. मूल गप्प व्हायचं, पाटीकडे बघायचं, आणि कधी कधी त्याच्या चेहऱ्यावर तो क्षण दिसायचा ज्यासाठी माणूस शिक्षक होतो. खालचा आकडा मिळवायचा नसतो, तो तुकड्याची जात सांगतो, हे एकदा उमगलं की मग समच्छेद करणं ही कवायत राहत नाही. अर्ध्याचे तीन सहावे करायचे, तिसऱ्याचे दोन सहावे करायचे, आणि आता एका जातीचे झाले म्हणून मोजायचे. पाच सहावे.

आम्हाला अपूर्णांक कोणी शिकवले असं मला आठवतच नाही. दिवा लागला की आजोबा परवचा म्हणून घेत. शुभंकरोती, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांत शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, असं चढत जायचं. पाऊणकीला तर चालच होती. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. तोंडात गूळ घोळावा तसे ते शब्द घोळायचे, आणि दीड ही दोनाहून काही वेगळ्या जातीची संख्या आहे असं त्या वयात एकदाही वाटलं नाही. बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या बाजारपेठेतल्या, दुकानात पाऊण किलो साखर आणि सव्वा रुपयाची दक्षिणा, हे सगळं पुरतं, धडधाकट होतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: प्रत्येकाला आपल्याकडे स्वतःचं नाव आहे, घरातल्या माणसाला असतं तसं. तिसऱ्या हिश्शाला मात्र रोजच्या बोलण्यात असं लाडकं नाव नाही. तृतीयांश म्हटलं की कागद आणि शिक्का डोळ्यांपुढे येतो.

आजोबांची वही माझ्याकडे आहे. त्यात १९५४ सालच्या एका पानावर घराबद्दल एकच ओळ आहे: तिघांस प्रत्येकी पाच आणे चार पै. घर म्हणजे सोळा आणे, तेव्हा सगळंच सोळा आण्यांत मोजत. आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२. त्याचे तीन भाग केले की ६४ पै, पाच आणे चार पै, आणि उरत काही नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले, हिशेब सोपे झाले. पण ज्यांना एक रुपया तिघांत वाटायचा होता त्यांची पंचाईत झाली, ती आजपर्यंत तशीच आहे. ३३ पैसे, ३३ पैसे, ३३ पैसे, आणि एक पैसा ज्याला कोणी धनी नाही. १९२ च्या पोटात एक तीन आहे. शंभराच्या पोटात नुसते दोन आणि पाच आहेत. ज्या अपूर्णांकाच्या छेदात, त्याला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर, दोन आणि पाच सोडून दुसरा कुठलाही मूळ अवयव उरतो, तो दशांशात लिहायला गेलं की संपत नाही. आमच्या कागदावरचे छेद होते सहा, बारा आणि नऊ. तिघांच्याही पोटात तीन बसलेला. नऊ तर आजोबांच्या पैंनाही पेलला नसता, कारण तिथे तीन एकदाच आहे आणि नवाला दोनदा लागतो.

त्या रात्री मी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि कॅलेंडरच्या मागे लिहून पाहिलं. सहा, बारा, नऊ यांचा लसावि छत्तीस. घराचे छत्तीस भाग. मोठ्या काकांच्या दोघांना सहा सहा, धाकट्या काकांच्या चौघांना तीन तीन, आम्हा तिघांना चार चार. बारा, बारा आणि बारा. छत्तिसातले छत्तीस. खडूच्या चौकोनाएवढीसुद्धा जागा उरत नव्हती.

सकाळी पोरीला ते दाखवलं. तिनं मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, मग पॉइंटनंतर जास्त घरं लिहू. चार घरं घेतली तेव्हा बेरीज ९९.९९९९ आली. आता न-नावाची जागा अंगठ्याच्या नखाएवढी झाली. सहा घरं घेतली तेव्हा ९९.९९९९९९, आणि जागा तिळाहूनही लहान. तिनं तिळगुळातला एक तीळ उचलून चौकोनाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "नऊ लिहीतच गेलो, थांबलोच नाही, तर?" मी तिला १/३ भागायला लावला. ०.३३३, पुढे तीनच तीन. त्याची तिप्पट कर म्हटलं. ०.९९९, पुढे नऊच नऊ. "आणि एक तृतीयांशाची तिप्पट किती?" "एक." ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिली. "म्हणजे हे दोन्ही एकच? थोडंसुद्धा कमी नाही?" थोडंसुद्धा नाही. कमी पडतं ते आपण मध्येच हात आखडता घेतो म्हणून. दोन घरांवर थांबलं की बशीएवढं कमी पडतं, सहा घरांवर थांबलं की तिळाएवढं. नवमांशात काहीच कमी नसतं.

म्हणूनच अपूर्णांक हे नाव मला आताशा बोचतं. एक नवमांश ही संख्या आपल्या जागी पुरी आहे. संख्यारेषेवर शून्य आणि एक यांच्यामध्ये तिचं ठाम, एकच एक ठिकाण आहे, जिथे दुसरी कुठलीही संख्या बसू शकत नाही. तिला शंभराच्या साच्यात ओतायला गेलो की सांडतं, तो साच्याचा दोष.

तिच्या वहीत संख्यांच्या प्रकारांचं चित्र होतं, एकात एक वर्तुळं. सर्वांत आत नैसर्गिक संख्या, बाहेर शून्य घेऊन पूर्ण संख्या, मग ऋण घेऊन पूर्णांक, मग परिमेय, आणि त्यांच्यासकट सगळ्या वास्तव. चित्र बरोबर आहे. मीही हजारदा फळ्यावर काढलं असेल. पण त्यात या संख्या कशा आल्या ते दिसत नाही, जणू कोणी डब्यात डबा ठेवून आयतेच पाठवले. खरं तर प्रत्येक वर्तुळ एका अडलेल्या प्रश्नापाशी सुरू होतं. तिनातून पाच जात नाहीत असं आपण पहिलीच्या मुलाला सांगतो, आणि सहावीत त्याच मुलाला सांगतो की जातात, उणे दोन उरतात. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये या संख्यांचे नियम सांगताना धन आणि ऋण हेच शब्द वापरले. आजही आपण ऋण संख्या म्हणतो आणि त्यातलं कर्ज आपल्याला ऐकू येत नाही. तीन पोळ्या पाच जणांत जात नाहीत असं सांगतो, मग सांगतो जातात, प्रत्येकाला तीन पंचमांश. आधी नाही म्हणायचं आणि मग दार उघडायचं, असंच बीजगणित पुढे गेलं आहे. क्ष अधिक पाच बरोबर तीन, हे समीकरण मांडायची मुभा आहे, पण उत्तर ठेवायला नैसर्गिक संख्यांत जागा नाही. मग नवी खोली बांधावी लागते. मुलांना हे 'आधी नाही' चुकीचं वाटतं, फसवल्यासारखं वाटतं. एका मुलानं मला तसं विचारलंही होतं, बाईंनी तेव्हा खोटं का सांगितलं म्हणून. मी त्याला सांगितलं, तेव्हा आपण लहान घरात राहत होतो.

शून्य दाखवायला मी तिला किल्ल्यावर नेलं. गाडी न घेता पूर्वेच्या बाजूनं, ग्वालियर दरवाज्यातून पायी चढायची वाट घेतली, कारण एकाच खडकातून कोरलेलं ते लहानसं चतुर्भुज मंदिर त्या वाटेवर आहे. चढताना गुडघे बोलत होते. आतल्या भिंतीवर ८७६ सालचा शिलालेख आहे. त्यात देवाच्या बागेचं माप दिलं आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि रोज देवाला पन्नास माळा. २७० मधलं शून्य आणि ५० मधलं शून्य, दोन्ही आपण आज लिहितो तशीच गोल. याहून जुनी शून्यं आता माहीत झाली आहेत, कंबोडियात शके ६०५ चं, म्हणजे ६८३ सालचं कोरलेलं आहे. पण आपल्या गावच्या डोंगरावर, आपल्याला वाचता येईल असं शून्य बघणं वेगळंच. पोरगी म्हणाली, "इतकं छोटं?" बाकीच्या अंकांहून ते लहानच कोरलं आहे. मला त्या कोरणाऱ्याचा हात दिसत राहिला. दोन कोरले, सात कोरले, आणि मग जिथे काहीच नाही तिथेही छिन्नी धरून काहीतरी कोरलं. नसलेल्याची जागा राखली. ती राखली नसती तर २७० हात बाग सत्तावीस हात झाली असती.

उतरताना तिनं विचारलं, छेदात शून्य का चालत नाही? मी म्हटलं, शून्य माणसांत पोळी वाटून दाखव. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा राशीला खहर म्हटलं, ज्याचा हर ख म्हणजे शून्य आहे तो. आणि तिची तुलना त्यांनी अनंत, अच्युताशी केली: सृष्टी त्यातून निघो की त्यात विलीन होवो, त्यात फरक पडत नाही. आजच्या गणितात शून्यानं भागाकाराला अर्थ देत नाहीत, आणि शाळेत तेच शिकवायला हवं. पण विष्णूच्या देवळातलं शून्य नुकतंच बघून उतरताना ती उपमा आठवली आणि अंगावर काटा आला. तिला मी सोपं करून सांगितलं: वाटणीत आधी खालचा आकडा ठरतो. घेणारे कोण, ते ठरल्याशिवाय वाटणीच होत नाही. बोलून गेले आणि माझंच मला लागलं.

आता आत्याचं सांगते.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. चौदाव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी परत आली, ती १९८६ साली जाईपर्यंत याच घरात, जिन्याखालच्या खोलीत राहिली. शाळेत ती गेली नव्हती. परवचा मात्र ती लहानपणी भावांच्या मागे बसून ऐकत आली होती, आणि आम्ही औटकीत अडखळलो की स्वयंपाकघराच्या दाराजवळून, हातातलं सूप न थांबवता, पुढचा आकडा सांगायची. आम्हा तिघा भावंडांत एक पुरणपोळी वाटायची असली की ते काम तिचंच. आई तीन तुकडे करायला जायची आणि भांडण व्हायचं, कारण तीन सारखे तुकडे नजरेनं होत नाहीत. आत्या पोळपाटावर पोळी ठेवून उलथन्याच्या कडेनं आधी अर्धी करायची, मग आडवी अर्धी. चार चतकोर. ते डोळ्यांना नेमके कळतात, त्यावर कोणी भांडू शकत नाही. एकेक चतकोर आम्हा तिघांना. उरलेल्या चतकोराचे पुन्हा चार तुकडे, एकेक तिघांना. उरलेल्याचे पुन्हा चार, एकेक तिघांना. मग पोळपाटावर जो कण राहायचा तो बोटावर टिपून ती तोंडात टाकायची आणि म्हणायची, "हा माझा."

पाव, पावाचा पाव, आणि त्याचाही पाव. प्रत्येकाला एकवीस चौसष्टांश, तिघांचे मिळून त्रेसष्ट, आणि तिला एक. जुन्या रुपयाचे पैसे चौसष्टच होते, म्हणजे रुपयातला एक पैसा. पुढे अकरावीला मी भूमिती श्रेढी शिकवू लागले आणि १/४ अधिक १/१६ अधिक १/६४, अशी न थांबता चालणारी बेरीज नेमकी १/३ येते हे फळ्यावर सिद्ध केलं, तेव्हा पुरणाचा वास आला. चारच येत असलेल्या बाईनं तीन केले होते. थांबायचं कुठे, तेही तिला कळत होतं.

तिच्याकडून मला आणखी एक गोष्ट मिळाली. ती गोधडीसाठी जुन्या लुगड्यांचे चौकोन कापायची, वीत बाय वीत, आणि त्यांचे तिरपे दोन करून त्रिकोण. त्रिकोणाच्या तिरप्या बाजूला काठ लावायचा असे. वीत म्हणजे बारा बोटं. काठ किती कापू विचारलं की म्हणायची, "सतरा बोटं. आणि किंचित आत घे." मला ते 'किंचित' म्हणजे शिवणकामातला अंदाज वाटायचा. कितीतरी वर्षांनी बौधायनाच्या शुल्बसूत्रातला, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांच्या प्राचीन ग्रंथातला, नियम वाचला. चौरसाचा कर्ण काढायचा तर बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायचा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवायचा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग काढून घ्यायचा. बाजू बारा बोटं धरली तर बारा, चार आणि एक, सतरा. आणि काढून घ्यायचा तो एका बोटाचा चौतिसावा भाग. त्याच शुल्बसूत्रात बोटाचं, म्हणजे अंगुळाचं, एक माप दिलं आहे: शेजारी शेजारी ठेवलेले चौतीस तीळ. सतरा बोटं, उणे एक तीळ. आत्याचं किंचित.

पोरीला हे सांगितलं तेव्हा ती लगेच गुणायला बसली. सतराचा वर्ग २८९. बाराच्या वर्गाची दुप्पट २८८. एकानं हुकलं. तीळ वजा करून येणारा अपूर्णांक ५७७/४०८. ५७७ चा वर्ग ३३२९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. पुन्हा एकानं. "अजून पुढे गेलं तर मिळेल?" कधीच नाही. दोन पूर्ण संख्यांचं असं गुणोत्तर नाहीच ज्याचा वर्ग नेमका दोन येईल. असतं तर अतिसंक्षिप्त रूपात त्याचा अंश सम निघतो, मग छेदही सम निघतो, म्हणजे अतिसंक्षिप्त म्हणून धरलेल्याला अजून दोननं भाग जातो. मापाच्या मुठीत न येणारी संख्या, म्हणून अपरिमेय. आणि तरी ती आहे. आमच्या चौरस चौकाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोरगी पावलं टाकत चालून गेली, ते अंतर खरं होतं. दशांशात लिहायला गेलं तर ते नवमांशासारखं एकच अंक घोकत राहत नाही, कुठलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत नाही. संपतही नाही आणि पाठही होत नाही.

आजोबांवर मला राग नाही. त्यांनी तिला खोली दिली, शेवटपर्यंत मान दिला, तिच्या औषधपाण्यात कधी कुचराई केली नाही. पण वहीत तिघांस लिहिलं. मुलं चार होती. वाटणीवर माणसं भांडतात ती अंशासाठी, मला एक की दोन. छेदाकडे कोणी बघत नाही, तो आधीच कोणीतरी लिहून ठेवलेला असतो. मलाही माझा नवमांश वाचून बरंच वाटलं होतं. बहिणीला आणि मला भावाच्या बरोबरीनं मोजलं, या आनंदात मी तो कागद दोनदा वाचला, आणि वरच्या पिढीतल्या मुलीचं नाव कुठेच नाही हे मला, जिनं तिच्या हातची पोळी खाल्ली तिला, दिसलं नाही. दिसलं एका तेरा वर्षांच्या मुलीला, तेही तिच्या नकळत, कारण तिची बेरीज जुळत नव्हती. ही बोच कुठे ठेवावी ते मला अजून कळलेलं नाही.

गुडगावला परत जायच्या आदल्या रात्री पोरीनं स्वतःहून विचारलं, "त्या आजींना पण धरलं असतं तर?" आणि झेरॉक्सच्या मागे मांडायला लागली. मुलं चार, प्रत्येकाला १/४. आत्याला मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिच्यानंतर तिचा चतकोर तिघा भावांच्या घरांत सारखा जाणार, १/४ चे तीन भाग, प्रत्येकी १/१२. मग प्रत्येक घराकडे १/४ अधिक १/१२. तिनं समच्छेद केला, तीन बारांश अधिक एक बारांश, चार बारांश. "आत्याआजी, हे तर एक तृतीयांशच आलं! सेम आन्सर."

उत्तर तेच. मी एकतीस वर्षं वह्या तपासल्या, आणि उत्तर बरोबर असूनही मधली पायरी गाळली असेल तर दर वेळी एक गुण कापला. मुलं तक्रार घेऊन यायची, बाई, उत्तर तर बरोबर आहे. मी पेन्सिलीनं ती रिकामी जागा दाखवायची आणि म्हणायची, इथे काय झालं ते लिही, मग देते. पोरीनं ती पायरी लिहिली होती. १/४ + १/१२ = १/३. आधी चौथा, मग चौथ्यातून पुन्हा सर्वांना. मी पोळपाटाबद्दल तिला काही बोलले नाही. ती आपणच कागदाकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

वकिलांना मी विनंती केली, आणि त्यांनी टक्के काढून हिस्से अपूर्णांकांत लिहिले: एक षष्ठांश, एक द्वादशांश, एक नवमांश. फेब्रुवारीत आम्ही नऊ जणांनी सह्या केल्या. माझ्या झेरॉक्सच्या मागे पोरीची पेन्सिलीची ओळ तशीच आहे. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा खडू जरा पुसट झाला आहे, पण चारही बाजू अजून दिसतात. झाडलोट करायला येणाऱ्या ताईंना मी सांगितलं आहे, बाकी चौक धुवा, तेवढी फरशी राहू द्या. घराचा ताबा एप्रिलमध्ये द्यायचा आहे.